सतरा नंबरची फिकट ओळ

१

फाईल कपाटात नव्हती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली नेहमीच्याच जागी, दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती.

हे मला सकाळी अकराला कळलं, तेही अर्धा कप चहा पोटात गेल्यावर. अशी बातमी चहाच्या आधी सांगावी नाहीतर नंतर. मधेच सांगितली की माझं डोकं फिरतं.

मी रत्नमाला खरात. चौतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची पंधरा सिस्टर ट्यूटर म्हणून. निवृत्त झाले तरी परिचर्या शिक्षण मान्यता मंडळ मला तपासणीला पाठवतं. मी कुणाचा डबा खात नाही आणि कुणाची शाल घेत नाही, म्हणून पाठवतं. संस्थाचालक माझ्या नावानं बोटं मोडतात, ते मला माहीत आहे.

प्रकरण समजायला एवढंच पुरे की नर्सला नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत ठरावीक तास शिकावं लागतं. ते तास कुणीही उठून वाटू शकत नाही. संस्थेनं आधी मंडळाकडे अर्ज करायचा, एक नमुना कार्यशाळा घेऊन दाखवायची, हजेरीचे आणि परीक्षेचे कागद जोडायचे. मग माझ्यासारखी निरीक्षक जाऊन मूळ कागद डोळ्यांनी बघते. मान्यता मिळाली तर त्या नमुना कार्यशाळेचे तासही बायकांच्या खात्यात जमा होतात. नाही मिळाली तर त्यांचा रविवार पाण्यात.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर, हे चार खोल्यांचं प्रशिक्षण केंद्र होतं. एक मार्चच्या रविवारी त्यांनी कार्यशाळा घेतलेली, विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सहा तास. एक्केचाळीस नर्सेस. आज बारा मार्च होता. आणि त्या कार्यशाळेची हजेरी, उत्तरपत्रिका, अभिप्राय असलेली निळी फाईल नाहीशी झाली होती.

"मॅडम, एक्केचाळीस जणींचं नुकसान आहे," समन्वयक प्रेरणा म्हणाली. तिशीची मुलगी, समाजकार्य शिकलेली, डोळे रडून लाल. "त्यात एक विशाखा आहे, करमाडच्या पुढं एका आरोग्य केंद्रात कंत्राटी स्टाफ नर्स. तिला नेमके सहाच तास कमी पडतात. एकतीस मार्चला तिची नोंदणी संपते. नोंदणी गेली की कंत्राट गेलं. घरात कमावणारी ती एकटीच आहे, मॅडम."

एक्केचाळीसमधून हिला एकच नाव आठवलं, हे मी मनात टिपून ठेवलं.

संचालक इंद्रजीत सर तावातावानं आत आले. पैठणकडच्या बागायतदार घराण्यातले, पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन मोबाईल. "मॅडम, मी पोलिसांना बोलावतो. किल्ली कडूबाच्या ताब्यात असते. त्यानंच नेली, रद्दीत घातली असणार."

कडूबा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. साठीचा माणूस, केंद्राचा शिपाई.

"पोलीस दुपारनंतर," मी म्हटलं. "आधी मी बोलणार, एकेकाशी. आणि हा चहा गार झालाय, दुसरा द्या."

२

पहिले इंद्रजीत सर. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी चोर पकडून दिला.

"जालना रोडला दुसरं केंद्र निघालंय. त्यांनाही मान्यता हवीय. आमचा अर्ज पडला की त्यांचं फावलं. कडूबाला त्यांनी फोडलं असणार."

"त्यांना फाईल नेऊन मिळणार काय? सगळ्या कागदांचे स्कॅन तुम्ही तीन तारखेलाच मंडळाला पाठवलेत. त्यांच्या छापील प्रती माझ्या पिशवीत आहेत."

"मग झालं तर. त्या प्रतींवरच तपासणी उरका." ते पुढं झुकले. "नाहीतर असं करू, सगळ्या सिस्टरना उद्या बोलावतो. सह्या परत घेतो, पेपर परत लिहून घेतो. एका दिवसात फाईल जशीच्या तशी."

"इंद्रजीत सर," मी म्हटलं, "हे वाक्य मी ऐकलेलं नाही. पुन्हा बोललात तर ऐकलंय असं लिहीन."

त्यांचा चेहरा पडला. माणूस उतावळा होता, पण मूळ कागद आणि नंतर केलेला कागद यातला फरकच त्याला ठाऊक नव्हता. ज्याला परत बनवणं इतकं सोपं वाटतं, तो चोरण्याची खटपट कशाला करेल?

मग जेवणाची वेळ झाली. मी माझा डबा खाल्ला. तीनच्या सुमारास कडूबांना बोलावलं आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला बसले.

"म्या नाय नेली फाईल," ते म्हणाले. "काल करुणाबाई आल्या व्हत्या, शिकवणाऱ्या. फाईल चाळली, च्या पिल्या. प्रेरणाताईनं सहाला कपाटात ठिवली, म्या कुलूप लावलं. किल्ली खिळ्याला. आज धा वाजता उघडलं तर जागा मोकळी."

"सहानंतर कोण होतं इथं?"

"सगळीच व्हती. सर फोनवर, प्रेरणाताई कॉम्प्युटरवर, करुणाबाई बाहुली पुसत व्हत्या, ती शिकवायची रबरी बाई. म्या खाली दूध आणाया गेलो. किल्ली कुणाच्याबी हाताला येती." ते माझ्या हाताकडे बघत थांबले. "मॅडम, तुमी हिरव्या शाईनं लिवता. मोठे गॅझेटेड साहेब हिरवी वापरत्यात. तुमी बी तसल्याच का?"

"नाही हो. मला सवय आहे."

"सकाळी तर तुमी निळ्यानं लिवत व्हता."

"कडूबा, तुमची नजर चांगली आहे."

"मेंढरं राखलीत म्या चाळीस वर्सं. नजर नसली तर लांडगा नेतो." मग आवाज खाली गेला. "सर पोलिसात देत्याल का मला? गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हाणार नाय."

माझे वडीलही मेंढरंच राखायचे. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. तपासणीत असल्या ओळखी काढायच्या नसतात. "नाही देणार," एवढंच म्हटलं, आणि का कोण जाणे, मला त्याची पक्की खात्री वाटली.

३

करुणा माझी विद्यार्थिनी. वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिली आलेली, पुढं मोठ्या रुग्णालयात प्रसूती कक्षाची इन्चार्ज झाली. या केंद्रात एकटी तीच नर्स. बाकी सगळे ऑफिसचे लोक.

तिनं वाकून नमस्कार केला. मी नको म्हणायच्या आत केलाच.

"कार्यशाळा कशी झाली?"

"चांगली झाली, मॅडम. सकाळी व्याख्यान, दुपारनंतर बाहुलीवर प्रात्यक्षिक. साडेचारला पेपर, पाचला सुट्टी."

"किती जणी होत्या?"

"हजेरीत एक्केचाळीस आहेत."

मी विचारलं होतं किती होत्या. तिनं सांगितलं हजेरीत किती आहेत. वर्गात आलेला प्रश्न टाळायची तिची ही पद्धत मला जुनी ओळखीची होती.

"काल फाईल बघितलीस?"

"बघितली. उद्या तुम्ही येणार म्हणून. तुम्हाला खाडाखोड चालत नाही ना."

"काही सापडलं?"

"नाही, मॅडम." आणि तिनं खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर टायरच्या दुकानाचा पत्रा होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

प्रेरणाला मी पुन्हा बोलावलं. ती बिचारी जे विचारावं ते सांगत होती. यादी नोंदणीवरून आधीच छापली होती, एक ते एक्केचाळीस. सह्या तीन वेळा: आत येताना, जेवणानंतर, जाताना. सोमवारी कागद लावले, मंगळवारी स्कॅन करून पाठवले.

"फाईल कुणी नेली असेल?"

"खरंच माहीत नाही, मॅडम. आईची शप्पथ. मी सहाला ठेवली, ती शेवटची." तिला हुंदका आला, आणि तो खोटा नव्हता. हिनं फाईल नेली नव्हती. पण मग इतकी घाबरली कशाला? फाईल हरवलेल्या माणसाला चिंता वाटते. हिची तर पाचावर धारण बसली होती.

मी दार लावून घेतलं आणि पिशवीतल्या छापील प्रती टेबलावर पसरल्या. हजेरीचं दुसरं पान. काळ्यापांढऱ्या सह्यांच्या ओळी. सतराव्या ओळीतल्या तिन्ही सह्या फिकट होत्या. वरच्या सोळाव्या ओळीतली सकाळची सही ठसठशीत, खालच्या अठरावीतली ठसठशीत, मधे ही तेवढी पुसट. घरी बघताना मला वाटलं होतं, स्कॅन नीट आला नसेल.

पण स्कॅन बिघडला तर एकच ओळ कशी बिघडेल?

मी नाव वाचलं. सतरा नंबरला विशाखा होती.

४

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. खरं सांगते, मजा वाटत होती. निवृत्तीनंतर माणसाच्या डोक्याला असं काम रोज मिळत नाही.

किल्ली सगळ्यांच्या हाताला येत होती, म्हणजे कुणाला जमलं असतं हा प्रश्नच बाद. गरज कुणाला होती ते बघायचं. फाईलमधला प्रत्येक कागद प्रतीच्या रूपात मंडळाकडे आधीच होता. नावं, सह्या, वेळा, गुण, सगळं. म्हणजे चोराला यातलं काहीच लपवायचं नव्हतं. मग मूळ कागदात असं काय असतं, जे काळ्यापांढऱ्या प्रतीत येत नाही?

रंग असतो. दुसरं काय असणार.

मी करुणाला हाक मारली. बाकीच्यांनाही बसवलं. इंद्रजीत सर, प्रेरणा, कडूबा.

"कडूबांनी मला दुपारी विचारलं की मी हिरव्या शाईनं का लिहिते," मी म्हटलं. "वॉर्डात रुग्णाच्या कागदावर नर्स सकाळपाळीत निळ्या शाईनं लिहिते, दुपारपाळीत हिरव्या आणि रातपाळीत लाल. कागद नुसता लांबून बघितला तरी कळावं, कोणती नोंद कोणत्या पाळीची. तीस वर्षं असं लिहिलं की हाताला वळण लागतं. मी भाजीची यादीसुद्धा दुपारी हिरव्यानं लिहिते. आता हे बघा, सतरावी ओळ. तिन्ही सह्या एकसारख्या फिकट. लाल शाई अशा स्कॅनमध्ये निळ्यापेक्षा फिकी उतरते. सकाळी नऊची सही लाल, दुपारी अडीचची लाल, संध्याकाळी पाचची लाल."

"ती रातपाळी करून आली असेल," इंद्रजीत सर म्हणाले. "खिशात लाल पेन असेल."

"सकाळची सही तशी झाली असती, मान्य. पण प्रत्येक नर्सच्या खिशात तिन्ही पेन असतात. दुपारी तिचा हात हिरव्याकडे गेला असता. संध्याकाळीही. तिन्ही सह्या लाल म्हणजे तिन्ही एकाच वेळी झाल्या, आणि ती वेळ रातपाळीची. कार्यशाळा तर दिवसा होती."

खालून टायर ठोकल्याचा आवाज येत होता.

"हे ऑफिसातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. त्याला लाल काय, निळं काय. हे कळणार फक्त नर्सला, आणि दुसऱ्या नर्सला कळेल याची भीतीही फक्त नर्सलाच वाटणार. करुणा, फाईल आण."

करुणा उठली. जिना उतरून खाली गेली. दोन मिनिटांनी वर आली तेव्हा तिच्या हातात निळी फाईल होती.

"स्कूटीच्या डिकीत होती," ती म्हणाली.

इंद्रजीत सरांनी कपाळावर हात मारला. कडूबा खाली फरशीवर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. मी फाईल उघडली. सतरावी ओळ लालभडक होती, आणि मागची उत्तरपत्रिकाही पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत लाल.

५

"सह्या तू करून घेतल्यास?" मी करुणाला विचारलं.

"नाही, मॅडम. त्या दिवशी सतरा नंबरची खुर्ची दिवसभर रिकामी होती, एवढं मला आठवत होतं. काल फाईल उघडली तर त्या ओळीत तिन्ही सह्या, त्याही लाल. तुम्ही पान उलटलं की तुम्हाला दिसणार. एक खोटी सही म्हणजे अख्खा अर्ज बाद, चाळीस जणींचे खरे तास बाद. फाईल नसली तर तपासणी पुढं ढकलतील, तेवढ्यात काहीतरी करता येईल असं वाटलं."

"काय करणार होतीस?"

"तेच सुचत नव्हतं."

"आणि कडूबांवर आळ येईल, ते?"

करुणानं मान खाली घातली. मला तिचा फार राग आला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. पेशंटचा कागद लपवायचा नसतो, हे मी तिला वर्गात शंभर वेळा सांगितलं असेल.

तेवढ्यात प्रेरणा बोलली. "मॅडम, मी घेतल्या सह्या. लाल-निळ्याचं मला काही माहीतच नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. विशाखा शनिवारी रातपाळीला होती, सकाळच्या बसनं कार्यशाळेला येणार होती. पहाटे तिच्या केंद्रात एक बाळंतीण आली, रूपाली नावाची. बाळ झालं आणि रक्त थांबेना. विशाखानं इंजेक्शन दिलं, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिच्यासोबत बसून शहरात आली, रुग्णालयात दुपारपर्यंत थांबली. तीन पिशव्या रक्त लागलं, पण बाई वाचली.

"सोमवारी तिचा फोन आला. माझे सहा तास गेले म्हणून रडत होती. मॅडम, बाकीच्या इथं बसून रक्तस्राव शिकत होत्या, ती तिकडं खराखुरा रक्तस्राव थांबवत होती. तिला काय शिकवायचं राहिलं होतं? मी कागद घेऊन गेले. ती नुकतीच रातपाळीवर चढली होती. तिनं सह्या केल्या, पेपर लिहिला."

मुलीचं म्हणणं चुकीचं होतं, पण वाईट नव्हतं.

"प्रेरणा," मी म्हटलं, "आपण तास देतो तो शौर्याचा बिल्ला नाही. ती बाई एवढे तास या खोलीत होती, एवढंच तो कागद सांगतो. ती नव्हती."

"मग तिची नोकरी जाऊ दे का?"

"ते मला आवडेल असं वाटतं तुला?" माझा आवाज चढला. "वॉर्डात चूक झाली तर नोंद आपण फाडत नाही, पांढरा रंग लावत नाही. एक सरळ रेघ मारतो, खालचं वाचता यावं अशी. शेजारी खरं काय ते लिहितो आणि सही करतो. घे हा पेन."

तिनं सतराव्या ओळीवर रेघ मारली. शेजारी लिहिलं: गैरहजर, सह्या दोन मार्चच्या रात्री मी घेतल्या. सही केली. उत्तरपत्रिकेवर तेच. करुणानं वेगळ्या कागदावर फाईल नेल्याचं लिहून दिलं. इंद्रजीत सर म्हणाले, "मॅडम, आपल्या हातानं आपला अर्ज बुडवतोय आपण."

"बुडेलही. पण चाळीस ओळी खऱ्या आहेत हे मी आता छातीठोकपणे लिहू शकते. मघाशी नसतं लिहिता आलं. आणि तुम्ही आधी कडूबांची माफी मागा."

त्यांनी मागितली, जरा तोंडातल्या तोंडात. कडूबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, च्या टाकतो."

संध्याकाळी मी विशाखाला फोन केला. तुझं नाव खोडलंय, असं सरळ सांगितलं.

"बाई वाचवली ही चूक झाली का माझी?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

६

अहवालात मी काही लपवलं नाही. शिफारस केली ती अशी: तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाची मान्यता द्यावी, हजेरी यापुढं प्रेरणाकडं न ठेवता बाहेरच्या नोंदणीकृत नर्सनं बघावी, आणि चाळीस जणींचे तास धरावेत. मंडळाचं उत्तर यायला एरवी दोन महिने लागतात. मी रोज सकाळी दहाला फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. चोवीस तारखेला मान्यतेचं पत्र आलं.

केंद्रानं तीच कार्यशाळा पुन्हा लावली, एकोणतीस मार्चच्या रविवारी. मुदतीच्या दोन दिवस आधी. हजेरी बघायला बाहेरची नर्स म्हणून त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही, मीच गेले.

विशाखा साडेआठलाच आली. सावळी, काटक, पस्तिशीची. पाळी बदलून घेतली होती तिनं, दोन रात्री जास्तीच्या कबूल करून. माझ्याशी बोलली नाही. सही केली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. जेवतानाही पाठ माझ्याकडं. मी काही समजूत काढायला गेले नाही. तिचा राग रास्तच होता.

दुपारी करुणानं बाहुली टेबलावर घेतली. इंजेक्शन, पोट चोळणं, हे सगळ्यांना येत होतं. मग ती म्हणाली, "रक्त तरीही थांबत नसेल आणि रुग्णालय लांब असेल, तर रस्ताभर हे करायचं." तिनं मूठ वळली, बेंबीच्या जरा वर ठेवली आणि अंगाचा भार देऊन खाली दाबली. "आत मोठी धमनी आहे. ती दाबून धरा. दुसऱ्या हातानं जांघेत नाडी बघा. नाडी लागेनाशी झाली म्हणजे दाब बरोबर. मग रुग्णालय येईपर्यंत हात काढायचा नाही."

एकेकीनं करून बघितलं. विशाखाची पाळी आली. तिनं मूठ ठेवली, दाबली. करुणा म्हणाली, "बरोबर." विशाखानं हात काढला नाही. "बरोबर आहे, झालं," करुणा पुन्हा म्हणाली. मागच्या बायका थांबल्या होत्या. विशाखा तशीच वाकून उभी राहिली.

मी जवळ गेले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"शहरात पोचायला पाऊण तास लागला अ‍ॅम्ब्युलन्सला," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पाऊण तास मी नुस्तं पोट चोळत बसले होते. रूपालीचे डोळे फिरायला लागले तरी मला हे माहीत नव्हतं. तिचं नशीब, म्हणून वाचली." तिनं मूठ उचलली आणि ती बघत राहिली. "आणि मी तर सही करून दिली होती, मॅडम. मला हे येतं म्हणून."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.